खालची खूण

मागच्या दिवाळीत माझं घर बघायला जो यायचा, तो आधी भिंतीवर हात फिरवायचा, मंग फरशी बघायचा, मंग सैपाकघरात जायचा अन् तिथंच अडायचा. "कल्याण, ओटा कुठंय रे?" माझं डोकं सटकायचं. अरे बाबा, न्हाई हे दिसून राह्यलंय ना तुला, मंग विचारतो काहून? पण पाहुण्याला असं बोलता येत न्हाई. "करायचाय," एवढंच म्हणायचो अन् चहा ठेवायला खाली बसायचो. शेगडी फरशीवरच होती माझी.

मी जीप चालवतो, जाफराबाद ते राजूर. चतुर्थीला गणपतीला जाणारी माणसं टपावर बसायला तयार असतात, बाकीच्या दिवशी सीट भरायची वाट बघत स्टँडबाहेर उभं राहावं लागतं. त्याच्यामुळं वाट बघणं आपल्याला बराबर जमतं, असा माझा समज होता. तो समज ह्या घरानं मोडला.

घर आम्ही दोघांनी मिळून घेतलं, मी अन् वर्षाराणीनं. लग्न झाल्यापासून आम्ही भावाच्या घरी एका खोलीत राहत होतो. अर्ध्या खोलीत आमची खाट अन् अर्ध्या खोलीत सोयाबीनची पोती. राणी म्हणायची, "आपलं घर झालं की त्यात मला एकबी पोतं दिसलं न्हाई पाहिजे." मंग गावाच्या कडेला हे घर मिळालं. दोन खोल्या अन् सैपाकघर, गिलावा सुटलेला, दारांना वाळवी. आधीची माणसं चूल पेटवायची, त्याच्यामुळं सैपाकघराची भिंत काळीकुट्ट. दुसरी कोणी असती तर नाक मुरडलं असतं. राणी सरळ आत गेली, खिडकी ढकलून उघडली. बाहेर लिंबाचं झाड अन् त्याच्यापलीकडं कपाशी. ती म्हणली, "ओटा इथं. खिडकीखाली. भाकरी थापता थापता मला बाहेरचं दिसलं पाहिजे." अन् हवेतच दोन भाकरी थापून दाखवल्या. मी हसलो. त्या दिवशी ते घर माझ्यासाठी पक्कं झालं.

किल्ली हातात येऊन महिना झाला न्हाई तर तिची ऑर्डर आली. जिल्हा परिषदेची शाळा, मास्तरीण. किती वर्षं झाली होती तिला परीक्षा देऊन देऊन. मी त्या दिवशी जीपमध्ये कोणाकडून भाडं घेतलं न्हाई, वरून पेढे वाटले. शाळा कुठं, तर सिंधुदुर्गात, डोंगरातल्या एका वाडीवर. नकाशात बोट ठेवलं तर इकडचं टोक अन् तिकडचं टोक. "बदली होऊन जाती हो," सगळे म्हणले. "वर्षभर कळ काढा." आम्हीबी म्हणलं, वर्षाचं काय एवढं.

ती गेली, अन् घर मी फोनवर बांधायला घेतलं. दिवसा जीप, संध्याकाळी भिंती खरवडायच्या. फोन खिडकीत उभा करायचा अन् ती तिकडून बघून सांगायची. इथं खिळा, तिथं आरसा, देव्हारा ह्या कोपऱ्यात, न्हाई, त्या कोपऱ्यात. रंगाच्या पायी तर मी दुकानदारासंगं भांडलो. राणीला भोपळ्याच्या फुलाचा पिवळा पाहिजे होता. दुकानदार म्हणला, असा रंगच नसतो. मी शेतातून फूल तोडून आणलं अन् त्याच्या काउंटरवर ठेवलं. त्यानं तीनदा डबा घोटला तवा कुठं बराबर जमला. भिंत रंगवून झाल्यावर तिला दाखवली तर म्हणती, "फोनमध्ये नारंगी दिसून राह्यलाय." मी म्हणलं, "मंग फोन बदल, भिंत न्हाई." ती हसली. मंग म्हणली, "मला ती भिंत हातानं बघायचीय."

सगळं होत गेलं. अडलं ते ओट्यापाशी.

काम भुजंग मिस्त्रीकडं होतं. भुजंग मिस्त्री म्हणजे तोंडात सुपारी अन् हातात थापी, दोन्ही कधी खाली ठेवत न्हाई. सैपाकघरात आला, खिडकीखाली हात ठेवला अन् म्हणला, "वैनीला उभं करा."

"वैनी न्हाई इथं."

"मंग माप कोणाचं घेऊ? कोपरापासून खाली चार बोटं, तिथं ओटा. बाईच्या मापाचा न्हाई बसला तर जन्मभर पाठ धरती तिची."

त्यानं सांगितलं, काही लोक अंदाजे करून टाकतात, म्हणाल तर करून टाकू. मी म्हणलं, बिलकुल न्हाई. मंग म्हणला, आईला उभं करा. माझी माय गोजरबाई तिथंच होती, नवं घर झाडायला आल्ती. ती लागलीच पदर खोचून भिंतीला टेकून उभी राह्यली. "घ्या माझं. माझ्याएवढीच तर हाय ती." मी म्हणलं, "आई, तू बस." तिला राग आला. "काहून? माझ्या मापानं केलेल्या ओट्यावर काय भाकरी फुगायची न्हाई का?" अन् झाडू तिथंच टाकून माझ्या भावाच्या घरी निघून गेली. आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी.

तिचं बराबर होतं. राणी अन् ती सारख्याच उंचीच्या. फोनवरबी मापता आलं असतं, राणीनं टेप लावून आकडा सांगितला असता. पण माझ्या मनात एक बसलं होतं, ते कोणाला सांगायची सोय न्हवती. लोक हसले असते. मला वाटायचं, तिच्याशिवाय ओटा झाला तर घर तिच्याशिवाय पुरं झालं. अन् एकदा ते पुरं झालं की मंग तिची गरज कोणाला? ती जागा रिकामी असली तर तिला यावं लागंल. त्या खिडकीखाली तिनं स्वतः उभं राहावं, मिस्त्रीनं खूण करावी, अन् मंग ती तिथंच राहावी. असलं खूळ मी धरून बसलो होतो. ती नुसती यावी असं न्हाई, राहायला यावी, एवढंच पाहिजे होतं मला.

दिवाळीला ती येणार होती. इलेक्शनची ड्युटी लागली. त्याच्यानंतर येणार होती, तर शाळेवर दुसरी बाई रजेवर गेली अन् चार वर्ग हिच्या गळ्यात. मी फरशीवर बसून सैपाक करायचो. ती तिकडून म्हणायची, "अहो, करून टाका ना ओटा. गुडघे दुखतील." मी म्हणायचो, "तू ये, मंग करू." दरवेळेला ती शाळेचं काहीतरी काढायची. ती काहून विषय बदलती, ते मला तवा कळलं न्हाई.

संक्रांतीच्या आधी ती दोन दिवसांसाठी आली. मी जीप घेऊन जालन्याच्या स्टँडवर गेल्तो, पहाटेपासून. उतरली तर वाळलेली, हातात कोकमाची पिशवी. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली अन् राजूर येईपर्यंत माझ्या दंडाला धरून झोपली. मी गेअर कसा बदलला ते माझं मला ठाऊक.

घरात आल्यावर ती चप्पल काढून एकेक भिंत हातानं बघत फिरली. "बराबर भोपळ्याचं फूल हाय," म्हणली. आरशात बघितलं, देव्हाऱ्याला हात जोडले, दाराची कडी दोनदा लावून काढली. मंग सैपाकघरात गेली अन् खिडकी उघडली. कपाशीची वेचणी चालली होती. ती बघत राह्यली. तिच्या डोळ्यात पाणी होतं, अन् मला वाटलं ते आनंदाचं हाय.

मी भुजंग मिस्त्रीला आधीच बोलवून ठेवलं होतं. तो आला. राणी भिंतीला खांदा लावून उभी राह्यली, कोपर वाकवलं. मिस्त्रीनं चार बोटं मोजली, कानामागची पेन्सिल काढली अन् प्लास्टरवर रेघ मारली. मला वाटलं, झालं. घर झालं.

राणीनं त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. "आता तुम्ही या," मला म्हणली.

"मी कशाला?"

"या तर."

मी उभा राह्यलो. मी उंच हाय, सहा फुटाला जरासा कमी. तिनं माझं कोपर धरलं, खाली स्वतःची चार बोटं लावली अन् रेघ मारली. तिच्या रेघेपेक्षा वीतभर वर.

"मिस्त्री, ओटा ह्यांच्या मापाचा करा," ती म्हणली.

भुजंग मिस्त्री सुपारी चावायचा थांबला. "वैनी, चेष्टा करता का?"

"सैपाक कोण करतंय? ज्याला उभं राहायचंय त्याच्या मापाचा करा."

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला, मी राणीकडं. मंग तो शहाणा माणूस "उद्या येतो" म्हणून थापी घेऊन निघून गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बदली व्हायची न्हाई," ती म्हणली. "नव्या लोकांना अजून काही वर्षं अर्जच करता येत न्हाई. मला दिवाळीतच कळालं होतं. तुम्ही रोज ती रिकामी जागा दाखवायचे फोनवर. मंग सांगवंना."

मला लई राग आला. कोणावर, ते कळंना. भिंतीवर आला, मिस्त्रीवर आला, त्या भोपळ्याच्या फुलावर आला. मी म्हणलं, "आपण हे विकू. मी येतो तिकडं. तिकडं काय जीपा चालत न्हाईत का?"

"तिकडं मी एका माणसाच्या माळ्यावर राहती," ती म्हणली. "खाली त्याचे नारळ अन् वर मी. पोत्यांतून सुटले तर नारळांत येऊन पडले. रोज झोपताना मी ह्या घरात फिरती. दारातून आत येती, आरसा बघती, खिडकी उघडती, मंग झोप लागती मला. हे घर विकलं तर मी कुठं फिरू? तुम्ही इथं राहा. दिवा लावा. सरळ उभं राहून सैपाक करा. मला तेवढं पुरतं."

"मला पुरत न्हाई," मी म्हणलं.

"मलाबी न्हाई पुरत," ती म्हणली अन् मंग मोठ्यानं रडली.

संध्याकाळी तिनं खाली फरशीवर बसून भाकरी केल्या. मी शेजारी बसून खाल्ल्या. शेवटची भाकर करपली, ती आम्ही अर्धी अर्धी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिला जालन्याला सोडलं. गाडी हलली तरी ती खिडकीतून सांगत होती, "वरच्या खुणेवर, बरं का. वरच्या." मी मान हलवली.

परत आलो तर भुजंग मिस्त्री दारात विटा रचून बसला होता. "कोणती खूण धरू?" म्हणला.

"खालची."

"वैनी तर म्हणल्या..."

"वैनीचा ओटा हाय. वैनीच्या मापाचा होईल."

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "वाकून वाकून मरशील, कल्याण."

"तू वीट लाव."

त्यानं लावली. वर काळा कडप्पा बसवला, खिडकीच्या बराबर खाली. ओटा लई चांगला झालाय. उभं राह्यलं तर मला कपाशी दिसत न्हाई, खिडकीची वरची चौकट दिसती. वाकलो तर दिसती. म्हणजे तिला बराबर दिसंल. माझी पाठ रोज दुखती. भाजी चिरताना दुखती, पीठ मळताना तर जास्तच. मी दुखू देतो. दुखलं की वाटतं, ही जागा अजून तिचीच हाय, मी नुसता सांभाळून राह्यलोय.

तिला कळू दिलं न्हाई. फोन खिडकीत उंच ठेवायचो, म्हणजे मानेच्या वरचं दिसायचं. "सरळ उभं राहता येतं ना?" ती विचारायची. "एकदम," मी म्हणायचो.

पण परवा पिठलं हलवताना फोन घसरला अन् तव्याला अडकून आडवा झाला. मी उचलायच्या आत तिनं बघून घेतलं. पूर्ण वाकलेला मी.

मंग म्हणली, "खालच्या खुणेवर केला ना तुम्ही?"

"हो."

"फोडून टाका तो ओटा. आत्ताच्या आत्ता मिस्त्रीला बोलवा."

"तूच ये अन् फोड," मी म्हणलं.

तिकडं कोणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. मंग तिचा बारीक आवाज आला. "मला खिडकीत नका ठेवू. खाली ठेवा, ओट्यावर, भिंतीला टेकवून."

मी ठेवला. वाकलो, तर माझं तोंड बराबर तिच्या तोंडासमोर आलं. इतके दिवस मी उगाच फोन वर ठेवत होतो. ती डोळे पुसत होती अन् मला म्हणत होती, पिठलं खाली लागंल, हलवा. मी हलवत राह्यलो. पिठलं झालं, गॅस बंद केला, तरी मी सरळ उभा राह्यलो न्हाई.