फुगेकाकांची दाढ आणि माझी घाई

मित्रांनो, मी एक जुनी फुंकनळी आहे. चुलीजवळची फुंकणी नव्हे हं. तिला दिवसभर एका कोपऱ्यात पडून राहता येतं, मला नाही. मी काचेच्या कारखान्यातली, तुमच्या खांद्याइतक्या उंचीची पोकळ लोखंडी नळी. माझं एक टोक भट्टीतल्या वितळलेल्या काचेत बुडवतात आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकतात. मग काच फुगते आणि तिचा गोळा होतो. पण तेवढा सगळा वेळ मला गरगर फिरवत ठेवावं लागतं. हात जरा थांबला की मऊ काच एका बाजूला ओघळलीच. आता सांगा, जिचा जन्म असा फिरण्यात गेला, तिला स्वस्थ बसा म्हटलं तर कसं जमेल?

एका लेथवाल्याने मला कापून, घासून तयार केलं. तोंडाकडची बाजू त्याने इतकी गुळगुळीत केली की ओठाला कधी ओरखडा म्हणून उठला नाही. तेव्हापासून मी फुगेकाकांच्या हातात आहे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, कारखान्यात सगळे त्यांना फुगेकाकाच म्हणतात. दिव्यांचे मोठे, कलिंगडाएवढे गोळे फुंकावेत तर त्यांनीच. दुसऱ्या कुणाचा श्वास तेवढा पुरत नाही. बघायला आलेले लोक गोळ्याचं कौतुक करतात, काकांचं करतात, माझं कुणी करत नाही. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण काका काम संपलं की मला पुसून घोडीवर, म्हणजे नळ्या ठेवायच्या लोखंडी स्टँडवर, ठेवायचे आणि मला दुसऱ्या कुणाला तोंड लावू द्यायचे नाहीत. तेवढ्यावर मी खूष असायची.

त्यांचा श्वास मला पाठ होता. मन लागलं नाही की तो आखूड यायचा, भांडण झालं की दणक्यात यायचा. एका आठवड्यात तो थरथरत येऊ लागला. वरची अक्कलदाढ ठणकत होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चार दिवस सांगून पाहिलं आणि पाचव्या दिवशी धरून दवाखान्यात नेलं. काकूही आमच्याच कारखान्यात आहेत. तयार माल हळूहळू थंड करायच्या भट्टीवर त्यांची नजर असते, आणि काकांवरही.

दाढ निघाली. दवाखान्यात काय झालं ते मी काकूंच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. कापसाचा बोळा दाबून धरा, गालाला बर्फ लावा, मऊ आणि गार खा, जोरात थुंकू नका, खळखळून चूळ भरू नका. जखमेत रक्ताची गाठ बसते, ती हलता कामा नये. त्यांनी विचारलं, "सिगारेट ओढता?"

"नाही."

"स्ट्रॉने काही पिता?"

"मी काय लहान आहे?"

"काम काय करता?"

"कारखान्यात आहे."

झालं! एवढ्या बोलक्या माणसाने नेमकं तिथे तोंड मिटलं. आपण दिवसभर फुंकतो हे सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना ते काम वाटतं, फुंकणं वाटतच नाही.

इकडे मी घोडीवर पडून होते. भट्टी धगधगत होती, कारण काचेची भट्टी अशी विझवता येत नाही. बाकीच्या नळ्या फिरत होत्या. माझा जीव नुसता वरखाली होत होता. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी काका आले. गाल सुजलेला, पण डोळ्यांत तीच चमक. काकू पलीकडच्या शेडमध्ये गेल्याचं पाहून त्यांनी मला उचललं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्यांच्या गालाकडे मी बघितलंसुद्धा नाही.

त्यांनी काच घेतली आणि फुंकलं. श्वास आला, पण अर्धाच. उरलेला कुठे गेला? त्यांच्या नाकातून बारीक शीळ वाजली. त्यांनी आणखी जोर लावला, शीळ मोठी झाली, काच मात्र ढिम्म. मग त्यांनी काय करावं? एका हाताने मला फिरवत ठेवलं आणि दुसऱ्या हाताने नाक चिमटीत घट्ट धरून फुंकलं. काच टम्म फुगली. "जमलं की!" काका नाकात बोलले. मीही मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. तेवढ्यात माझ्या पोकळीत एक कोमट, खारट थेंब उतरला. तो रक्ताचा होता. मला कळलं, आणि तरीही दुसरा गोळा फुंकायला ते वळले तेव्हा मला बरंच वाटलं. मित्रांनो, याची मला आजही लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत काका पाणी प्यायले आणि ते नाकातून बाहेर आलं. समोर काकू होत्या. त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या तोंडाकडच्या टोकाला लागलेल्या लाल डागाकडे.

"दाढेबरोबर अक्कलही ठेवून आलात का तिकडे?" त्या ओरडल्या. काकांची चप्पलही नीट पायात गेली नव्हती, तोच त्यांना घेऊन त्या निघाल्या.

संध्याकाळी काकू एकट्या परत आल्या आणि सगळ्यांना सांगू लागल्या. वरच्या दाढेचं मूळ नाकाशेजारच्या पोकळीला टेकलेलं होतं. दाढ निघाल्यावर तिथे बारीकसं भोक राहिलं. गप्प बसले असते तर ते बहुतेक आपोआप बुजलं असतं. नाक दाबून फुंकल्याने ते मोठं झालं. "काच फुंकता? मग त्या दिवशी कारखान्यात आहे एवढंच का सांगितलंत?" असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. हिरडी ओढून टाके घातले. औषधं दिली. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, ताप आला, सूज वाढली किंवा घाण वास येऊ लागला तर लगेच यायचं. आणि सहा आठवडे फुंकणं बंद.

"भोक बुजेल ना?" कुणीतरी विचारलं.

"बघू म्हणाल्या," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ते सहा आठवडे कसे गेले ते आम्हालाच माहीत. काका घरी टिकेनात. कारखान्यात यायचे, येरझारा घालायचे, रिकाम्या हवेत बोटं फिरवायचे. कधी मला मांडीवर घेऊन नुसतीच फिरवायचे. रात्रीची झोप उडाली होती असं काकू सांगायच्या. दुखण्याने नव्हे, भीतीने. फुंकता आलं नाही तर आपण कोण, असं ते एकदा माझ्याजवळच पुटपुटले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझं तोंड स्वच्छ पुसलं आणि मला काकूंपुढे धरलं.

"तू फुंक. मी फिरवतो."

"मी? तुमच्या नळीने?"

"फुंक गं, मला बघवत नाही ही अशी पडलेली."

काकूंचा श्वास आखूड होता आणि मधेच हसू फुटत होतं. पहिला गोळा वांग्यासारखा झाला. काका म्हणाले, "हळू. घाई नको." हे त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. महिन्याअखेरीस छोटे गोळे बरे येऊ लागले.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासून मान डोलावली. काका आले, पण थेट भट्टीकडे गेले नाहीत. काकूंना हाक मारली, शेजारी उभं केलं आणि मगच काच घेतली. अगदी हलकं फुंकलं. मी कान टवकारले होते. नाकातून शीळ आली नाही. श्वास सगळाच्या सगळा माझ्यापर्यंत पोहोचला आणि माझ्या टोकावर लिंबाएवढी काच फुगली. काकूंनी पदराने डोळे पुसले. काकांनी तेवढ्यावरच मला खाली ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दाढ काढून आलं, तर डॉक्टरांना आपलं काम नीट सांगितलंय ना, एवढं विचारा. आणि चौथ्याच दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणत कामाला निघालं, तर हातातलं हत्यार काढून घ्या. ते हत्यार मनातून कितीही शिवशिवत असलं, तरी काढून घ्या. माझ्याकडून त्या दिवशी कुणी काका काढून घेतले असते, तर आज मी त्याच्या पाया पडले असते.