गोराईच्या खाडीतली प्रदक्षिणा

त्या शनिवारी साकीनाक्याच्या गाळ्यात चंद्रप्रकाश पांढऱ्या वॉटर स्कूटरचं कार्ब्युरेटर लावत बसले होते. सीट नसलेली, उभं राहून चालवायची ही जुनी स्कूटर कुणीतरी भंगारात काढली होती; त्यांनी दोन वर्षं खपून ती जिवंत केली. त्यांची मुलगी श्रुतिका डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी संध्याकाळपर्यंत थांबली. ती कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत असली तरी वाढली होती या गाळ्यातच. पप्पा स्क्रू पाव आटा फिरवत, कान देत आणि तिला विचारत, "आता सांग, गुरगुरता की खोकता?" सहा वाजता इंजिन गुरगुरू लागलं. दोघांनी कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला. एवढाच तो दिवस.

रविवारी गोराईच्या खाडीत एकटेच ट्रायल घेताना त्यांचं हृदय थांबलं. लाइफ जॅकेटमुळे ते तरंगत राहिले आणि मोकळी स्कूटर मंद आवाजात त्यांच्याभोवती गोल फिरत राहिली. त्या फिरत्या मशीनला बिचकून दोन होड्या लांबच थबकल्या. कुणी मोबाइल काढला, कुणी हात जोडले. पेट्रोल संपून ती थांबेपर्यंत अर्धा तास गेला.

'मशीनने मालकाला सोडलं नाही' म्हणून व्हिडिओ फिरला, आणि व्हिडिओच्या पाठोपाठ विद्याधर महाराज उगवले. दोन वर्षांपूर्वी ते वाकोल्यात पाण्याचे फिल्टर विकत. आता पाण्यातले आत्मे गाळत होते. चंद्रप्रकाशांचा जीव मशीनमध्ये अडकलाय, स्पार्क म्हणजेच प्राण, हे त्यांनी चंद्रप्रकाशांच्या बायकोला, सुगंधाबाईंना समजावलं. दर रविवारी धक्क्यावर गर्दी जमू लागली. पाण्यात झेंडूची माळ सोडायची, गाळ्यातला मेकॅनिक राजेश इंजिन सुरू करून स्कूटर ढकलायचा, आणि ती माळेला उजवी घालून फिरू लागायची.

"बा जळदेवा म्हाराजा," महाराज गाऱ्हाणं घालत, "ह्या मशिनीत जो जीव गुतलो हा, त्येका वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धक्का गरजायचा.

पहिल्या रविवारी श्रुतिकाच्याही अंगावर काटा आला होता. तो आवाज तिने स्वतः जुळवलेला. रिकाम्या हँडलमागे कुणी उभं नाही हे दिसत असूनही तिने क्षणभर पप्पांचे खांदे पाहिले. नंतर कित्येक दुपारी ग्रंथालयाच्या कपाटांमागून तिला तीच गुरगुर ऐकू येई. स्कूटर का फिरते हे तिला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती. म्हणून ती तीन रविवार गप्प राहिली.

चौथ्या रविवारी महाराजांनी भेटीचा मुहूर्त काढला. सुगंधाबाईंनी पाण्यात उतरायचं, माळेपाशी उभं राहायचं. नवऱ्याच्या भेटीला जॅकेट कशाला? त्या नवी साडी नेसून पायऱ्या उतरू लागल्या. स्कूटरच्या पोटाखालचा पंप पाणी खेचतो, आणि पाण्याबरोबर पदरही. श्रुतिकाने आईचा दंड धरला.

"सोड गो. ते इलेत."

श्रुतिकाने तिला पायरीवर बसवलं, जॅकेट चढवून स्वतः कमरेएवढ्या पाण्यात शिरली, स्कूटर बाजूने येताच तिने हँडल पकडलं आणि चोक ओढला. इंजिन गुदमरून बंद पडलं. महाराज ओरडले की आत्मा दुखावेल. हँडलखालून तिने काहीतरी कापून वर धरलं. मासेमारीचा तंगूस होता, लांबून न दिसणारा नायलॉनचा धागा.

"याने हँडल उजवीकडे ताणलंय," ती म्हणाली. "आता डावीकडे बांधते."

माळ काढून तिने तिथे ऑइलचा रिकामा कॅन सोडला आणि इंजिन सुरू केलं. स्कूटर उलट्या बाजूने, तितक्याच भक्तिभावाने, कॅनला प्रदक्षिणा घालू लागली.

"काका कॅनाक भेटाक इले काय रे?" मागून कुणीतरी म्हणालं. धक्का हसला. महाराजांनी पाण्याला बाधा झाल्याचं सांगून पाहिलं, तेव्हा जास्तच हसला. ते चपला शोधू लागले.

राजेश खाली मान घालून उभा होता. पहिल्यांदा मशीन फिरलं त्या दिवशी काकी जेवल्या, म्हणून तंगूस बांधत राहिलो, असं तो पुटपुटला.

श्रुतिकाने इंजिन बंद केलं आणि लोकांना शांतपणे सांगितलं. ही जुनी स्कूटर बनवलीच अशी आहे. चालवणारा पडला की हातातला लीव्हर सुटतो, इंजिन मंदावतं, हँडल एका अंगाला कलतं आणि ती जवळपास घिरट्या घालते, म्हणजे पडलेल्याला ती पुन्हा धरता यावी. तंगूस फक्त घिरटी नेमकी करतो. ती कुणाला ओळखत नाही. "त्या दिवशी होड्या जवळ गेल्या असत्या, तर पप्पा वाचले असते की नाही, मला माहीत नाही. पण अर्धा तास कुणी जवळ जाऊन पाहिलंच नाही. पाण्यात माणूस पडला तर हात जोडू नका. दोर फेका."

पहिल्यांदा बोलल्या त्या सुगंधाबाई. तीस वर्षं मेकॅनिकच्या घरात काढलेली बाई ती.

"पण मनगटाक दोरी बांधतत ना? माणूस पडलो की दोरी निसटता नि इंजिन बंद होता. त्या दिवशी कसा नाय झाला?"

राजेश घुटमळत म्हणाला, "त्या दोरीच्या स्विचच्या तारा सुट्या होत्या, काकी. ट्यूनिंगला आम्ही सोडवतो, नायतर सारखं बंद पडतं. काका परत जोडायला विसरले असणार."

सुगंधाबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. आता काही न बोलताही चाललं असतं. विसरण्याचा दोष पप्पांच्या नावावर गेला असता आणि ते काही म्हणणार नव्हते. श्रुतिका ओल्या कपड्यांनी आईसमोर खालच्या पायरीवर बसली.

"पप्पा विसरले नाहीत, आई. त्यांनी मला शनिवारी दोनदा विचारलं, तारा जोडल्यास ना? मी हो म्हणाले. मी जोडल्या नव्हत्या."