टाकीच्या गळ्यातला नाडा

माझ्या आईला वास येत नाही. करोनात गेला तो परत आलाच नाही. लोक म्हणतात, एवढंच ना, जीव तर वाचला! असं म्हणणाऱ्या सगळ्यांना त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवायला हवं होतं. मी केळीच्या बागेतून घरी आले तर दारातच नाकात गॅस भरला. आत माय आरामात मेथी निवडत बसलेली. शेगडीचं बटण अर्धवट उघडं. मला बघून म्हणाली, "ऊनी का? बठ, च्या ठेवस." आणि तिचा हात काडेपेटीकडे गेला.

मी काडेपेटी हिसकून अंगणात फेकली. माय रागावली. मी शेगडीचं बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या. तेव्हापासून आमच्या घरात चहा एकतर मी ठेवते, नाहीतर आबा. माझ्या मायनं, तापीबाईनं, जिनं जन्मभर सगळ्या गल्लीला चहा पाजला, तिनं कपाची वाट बघत बसायचं. ती भांडी घासताना आदळायला लागली.

आणि अशा बाईला घेऊन माझा बाप गाडीत संसार मांडायला निघाला.

गाडी म्हणजे शाळेची जुनी पिवळी व्हॅन. आबांनी, म्हणजे मगन पाटलांनी, ती भंगाराच्या दारातून परत आणली. बाजूला पोरांनी खरडलेली नावं अजून आहेत. आत दोन बाकडी, त्यावर गाद्या, पाण्याची टाकी, मागच्या बाजूला शेगडीचा ओटा. कशासाठी? तर तापी जिथं समुद्राला मिळते तिथपर्यंत नदीच्या कडेकडेनं जायचं. "तिन्हं नाव तापी, जनम गया तापीना काठवर," आबा म्हणाले, "आन ती नदी जास कथी, हाई तिनी दखं नही."

माझा भाऊ योगेंद्र सुरतेला असतो. फोनवर म्हणाला, "रेल्वेनं या ना, एका दिवसात समुद्र दाखवतो, संध्याकाळी परत."

माय फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "माले नदीनासंगे जानं शे, तुन्हासंगे नही."

पाव्हण्यांनी वेगळंच लावलं. घरदार असून रस्त्यावर चूल मांडणार? लोक काय म्हणतील? हीच माणसं आमच्याकडे आली की मायच्या हातचं जेवून ढेकर देतात आणि ताटसुद्धा उचलत नाहीत. दुसऱ्यांसाठी रांधलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. ती स्वतःसाठी फिरत फिरत रांधणार म्हटल्यावर यांना अब्रू आठवली. मी त्यांना सांगितलं, अब्रू तुमच्याकडे ठेवा, आम्हाला गाडीत जागा नाही.

पण गॅसचं मी सोडणार नव्हते. मी आबांना स्पष्ट सांगितलं, "गाडीतला गॅस मी म्हणेन तसा बसणार. एकदा तो बसला की निघेपर्यंत एक जरी चूक दिसली तर माय गाडीत चढणार नाही. तुम्ही एकटे जा आणि समुद्राचा फोटो आणा."

आबांनी मान हलवली. मायनं मान हलवली नाही.

पहिली चूक आबांनी दुसऱ्याच दिवशी केली. बाजारातून एक निळी छोटी टाकी घेऊन आले. वरती बर्नर फिरवून बसवायचा, झाली शेगडी. रेग्युलेटर नाही, सील नाही. कुठल्या तरी दुकानाच्या मागच्या खोलीत मोठ्या टाकीतून नळीनं भरलेली. "सस्ती पडनी," म्हणाले. मी म्हटलं, "ही गाडीत गेली तर चारी चाकांची हवा मी सोडेन." हे असले मागच्या खोलीतले धंदे सगळ्यांना माहीत असतात. कुणीतरी भाजून मेलं की चार दिवस शटर खाली, पाचव्या दिवशी परत नळी चालू. मी एजन्सीत गेले, पाच किलोच्या दोन सीलबंद टाक्या आणल्या. एक संपली की कुठल्याही मोठ्या गावात देऊन भरलेली घ्यायची. वर टकदिशी बसणारा रेग्युलेटर, नारंगी जाड नळी, दोन्ही टोकांना क्लिप.

मग आला गोकुळ. त्याचं म्हसावदला वेल्डिंगचं दुकान आहे. हात चांगला आहे, फक्त ऐकायची सवय नाही. त्यानं गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, चाकाच्या जरा पुढे, टाक्यांसाठी पत्र्याची पेटी केली. पेटीचं दार बाहेरून उघडणारं, आतून सगळं बंद. मी सांगितलं तसंच. फक्त हवेसाठीची भोकं त्यानं वरती पाडली होती.

"वर कशाला?" मी विचारलं.

"धूर वरीच जास ना, ताई."

"हा धूर आहे का? गॅस हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा खाली साचतो. पेटीच्या बुडाला भोक पाड, सांडला तर सरळ जमिनीवर जाऊ दे."

"बुडले भोक? धूळ यी, उंदीर यी."

"जाळी लाव."

"ताई, आतेलोंग मी दहा गाड्या करी दिध्यात. कोणी बोंबलनं नही."

"बोंबलायला उरले असतील तर ना!"

गोकुळनं ड्रिल उचललं. भोक पाडलं. चांगलं मोठं पाडलं, रागानं. मला चाललं. नळी पेटीतून आत जाते तिथली फटसुद्धा मी रबर घालून बंद करून घेतली. आत ओट्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गॅस लागला की केकाटणारा अलार्म बसवला. मायच्या उशाजवळ. तिचं नाक गेलं तर गेलं, तिच्यासाठी दुसरं नाक भिंतीला ठोकलं.

शेवटी रेग्युलेटर टाकीवर दाबून बसवला आणि साबणाचं पाणी घेतलं. मी ब्रशनं रेग्युलेटरला, नळीला, क्लिपांना फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. माय बाजूला उभी राहून बघत होती.

"हाई काय करी ऱ्हायनी?"

"गळती असेल तर इथं बुडबुडा फुगतो."

"आन हाऊ टक कसाना वाजना?"

"रेग्युलेटर नीट बसला की तो टक वाजतो. नाही वाजला तर बसला नाही."

"हां," माय म्हणाली. एवढंच.

त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

निघायच्या सकाळी गाडीची पूजा. आमच्याकडे ट्रॅक्टर असो, पाण्याची मोटर असो, पूजेशिवाय बटण दाबत नाहीत. गल्लीतल्या बाया आल्या. कुणीतरी स्पीकर आणला, त्यावर गाणी लावली. केळात खोचलेल्या अगरबत्त्या गाडीच्या पुढच्या बंपरवर धूर सोडत होत्या. चाकांखाली लिंबं. गोकुळसुद्धा नवा शर्ट घालून आला होता, पेटी त्यानंच केली म्हणून सगळ्यांना दाखवत होता. भोकाची हकीगत मात्र सांगत नव्हता.

मायनं गाडीत शेगडी पेटवून दूध उतू घातलं. नव्या घरात घालतात तसं. मी तिच्या मागेच उभी होते. बर्नर बंद केला तोही मी बघितला. अलार्म गप्प. मला वाटलं, सुटले. आबांना हाक मारून म्हटलं, "आबा, आरती करा आणि निघा, ऊन चढतंय."

माय आरतीचं ताट घेऊन खाली उतरली. ताटात तुपाचा दिवा. रीत अशी की चाकासमोर दिवा ठेवायचा. पुढची दोन चाकं झाली. मग ती मागच्या चाकाकडे वळली. आरती म्हणायची म्हणून आबांनी स्पीकर बंद करायला लावला. एकदम शांतता झाली. माय दिवा ठेवायला वाकली आणि वाकलेलीच थांबली.

"भाविका," ती म्हणाली, "आठे साप शे."

बाया किंचाळून मागे सरकल्या. केळीच्या गावात सापाचं नवल नाही. गोकुळनं काठी उचलली. "कथा शे, मावशी?"

"दखाय नही ऱ्हायना. फुसफुस करी ऱ्हायना. हाई पेटीमा."

पेटीत टाक्या होत्या. मी नाकानं हवा ओढली. अगरबत्ती, झेंडू, तूप. बाकी काही नाही. नाक माझं धडधाकट, पण त्या धुरात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मायच्या हातातला दिवा त्या बुडाच्या भोकापासून दोन हातांवर होता. जे भोक मी भांडून पाडून घेतलं होतं, बरोबर त्याच्याच खाली ती दिवा ठेवणार होती.

"माय," मी म्हटलं. ओरडले नाही, ओरडले असते तर तिच्या हातून ताट पडलं असतं. "ताट घेऊन मागे ये. हळू. गोठ्याकडे जा."

"आन साप?"

"साप मी बघते. तू जा."

ती गेली. दिवा तिच्या हातात तसाच जळत होता, ती मागे वळून वळून बघत होती. मी पुढे धावले, अगरबत्त्यांची केळी उपटून मातीत खुपसली. गोकुळ विडी पेटवायच्या बेतात होता, त्याच्या हातावर फटका मारला. मग पेटीचं दार उघडलं. आता वास आला. असा आला की डोळ्यांत पाणी. मी रेग्युलेटरचं बटण फिरवलं.

फुसफुस थांबली.

मग आबांचा आवाज आला, "साप मरना का?"

मी जमिनीवर बसले आणि हसायला लागले. थांबवता येईना. बायांना वाटलं, मला बाधा झाली. गोकुळ म्हणाला, "ताईले पाणी द्या."

हवा खेळू दिली, मग बघितलं. टाकीच्या गळ्यात पूजेचा लाल नाडा बांधलेला. रेग्युलेटर उचलला तर नाड्याचं एक टोक खाली दबलेलं, आणि टाकीच्या तोंडात अक्षतेचा एक दाणा. वर हळदकुंकू. सकाळी आम्ही सगळे गाण्यांच्या गोंगाटात असताना मायनं रेग्युलेटर काढून टाकीची साग्रसंगीत पूजा केली होती, आणि परत बसवून ठेवला होता.

"लक्ष्मी शे ती," माय गोठ्यातून म्हणाली. दिवा तिनं आता विझवला होता. "तिन्हा गळा तसाच उघडा ठेवू? पह्यलीवार आपला संगे जाई ऱ्हायनी."

"माय, रेग्युलेटर बसवताना टक वाजलं होतं का?"

"नही वाजनं. माले वाटनं, वाजनं व्हई, स्पीकरमा ऐकू नही ऊनं व्हई."

झालं. एक चूक. माझी अट सगळ्यांना माहीत होती. आबा गाडीच्या पायरीवर बसले, चप्पल काढून ठेवली. म्हणजे त्यांनी मनातल्या मनात प्रवास रद्द केला होता. तेवढ्यात योगेंद्रचा फोन, निघालात का म्हणून. कुणीतरी त्याला सगळं सांगितलं. तो लगेच, "मी म्हणत होतो ना, आईला असलं काही..." मी फोन बंद केला. शहाणपण शिकवायला सुरतेहून फोन येतो, मदतीला माणूस येत नाही.

माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भांडणाच्या पवित्र्यात, कमरेला हात.

"तुले वास ऊना का?"

"नाही. अगरबत्तीचाच येत होता."

"तुन्हा आबाले ऊना?"

"नाही."

"गोकुळले?"

गोकुळ दुसरीकडे बघायला लागला.

"माले आवाज ऊना," ती म्हणाली. "इतला मानसंमा एकलीले. आते सांग, कोन जानार नही ते."

मी गाडीत चढले. आत जाऊन अलार्मकडे बघितलं. हिरवा दिवा. मुद्दाम लाइटरमधला थोडा गॅस न पेटवता त्याच्यापुढे सोडला, तर असा केकाटला की गोठ्यातली म्हैस उठली. म्हणजे तो बिघडला नव्हता. आत गॅस आलाच नव्हता. जेवढा गळला तेवढा पेटीतून भोकावाटे खाली गेला होता. आम्ही केलेली चूक आम्ही केलेल्या पेटीनं झेलली होती. दिवा तेवढा तिथं ठेवायचा नाही.

"जा," मी म्हटलं. "पण पूजा टाकीच्या पोटाला करायची. गळ्याला काही बांधायचं नाही, तोंडावर काही टाकायचं नाही. दिवा पुढच्या चाकाला, मागे नाही. आणि टाकी आजपासून तू लावायची. आबा नाही."

"मीच लावसू," माय म्हणाली. "पन मी टाकी लावतांना कोनी बोलनं नही. गाना नही. गाडी बंद. भाविकाना आबा, तुमी बी खोकलनं नही."

"खोकला यी तं?" आबा म्हणाले. चप्पल त्यांनी केव्हाच पायात घातली होती.

"तं खाली उतरी जावा."

तिनं नाडा सोडला, तो आबांच्या मनगटाला बांधला. फडक्यानं टाकीचं तोंड पुसलं, बोटानं चाचपलं. सगळी गल्ली श्वास रोखून उभी. रेग्युलेटर दाबला. टक. गोकुळनं साबणाचा फेस लावला, कुणी न सांगता. बुडबुडा नाही. मग मायनं पेटीत डोकं घातलं आणि कान लावून बसली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. "चाला."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी घरात आले आणि स्वतःसाठी चहा ठेवला. शेगडी पेटवायच्या आधी मीसुद्धा क्षणभर कान लावला.

नवापूर गेलं, उकाई गेलं. एके दिवशी सकाळी मी फोन केला, तर आबा कुजबुजत बोलले.

"हळू बोल. तुन्ही माय टाकी लावी ऱ्हायनी. माले खाली उतारी दिधं."

"कुठं आहात?"

"समुद्र समोर शे," तसंच कुजबुजत.

मी फोन कानाला दाबला. फोनमधून वारा ऐकू येत होता. मग टक. लांबून, पण स्पष्ट. मग पुन्हा बराच वेळ नुसता वारा, आणि शेवटी मायचा मोठा आवाज.

"भाविका! दखी लिधा समुद्र. पानी गढूळ शे, आपली तापी बरी. फोन ठेव आते, च्या ठेवस."