पुढे

गल्लीत सगळे त्याला भोंगा म्हणत आणि त्याला ऐकू येत नसल्यामुळे बिनदिक्कत तोंडावर म्हणत. गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवायचा त्याचा धंदा. खाली दुकान, वर दोन खोल्या. तरण्याताठ्या पोरांच्या गाड्यांत त्याने उभ्या आयुष्यात इतकी धडधड भरली, की शेवटी त्या धडधडीने त्याचेच कान घेतले. अगदी ठार बहिरा झाला नव्हता. माणूस बोलतंय एवढं कळे, स्वर ऐकू येत, पण व्यंजनं मधल्या मध्ये गळून जात. कानाचं मशीन आणलं होतं. त्यात पंख्याची घरघर माणसाच्या बोलण्यापेक्षा मोठी, म्हणून ते कपाटात पडलं होतं. गिऱ्हाइकांशी त्याचं काही अडत नसे. अडलं ते बायकोशी.

तिला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, मान वळायची थांबली आणि आवाजाचा नुसता श्वास उरला. एके काळी हीच बाई जिन्यातून हाक मारायची तर खाली गिऱ्हाईक दचकायचं. लिहायला द्यावं तर डावा हात थरथरे. डोळे मिटले की 'हो', असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं. 'नाही'साठी काही ठरवायचं राहूनच गेलं.

ती रोज एकच शब्द म्हणे. त्यातला 'पु' त्याला ओठांवरून कळे, शेवटचा 'ए' कळे, मधलं अक्षर हरवे. बरेच दिवस डोकं खाजवून त्याने अर्थ लावला: पुढे. बरोबरच होतं की! खिडकी पायथ्याच्या बाजूला, बिचारीला बाहेरचं काही दिसत नसणार. त्याने पलंग हातभर ढकलला आणि पुढेच ना, असं विचारलं. तिने दमून डोळे मिटले. त्याला कोण आनंद झाला! मग ती तो शब्द म्हणाली, की हा पलंग थोडा सरकवी. जेवताना म्हणाली तर पुढचा चमचा भरवी, तोही मायेने, ओठ पुसून. असा सरकत सरकत पलंग खिडकीखालच्या भिंतीला जाऊन टेकला, तरी तिचं म्हणणं काही संपेना.

मेहुणी बहिणीला भेटायला आली तेव्हा त्याने तिला उशाशी बसवलं आणि ही काय म्हणते ते नीट ऐकून सांग म्हणाला. मेहुणी बहिणीच्या तोंडाशी कान नेऊन बराच वेळ बसली. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पाणी मागते, असं तिने ओठ मोठे हलवत सांगितलं. त्याने लगबगीने पाणी आणलं. बायकोने ते प्यायलं नाही, गालावरून ओघळू दिलं. शेजारच्या शिलाईवाल्या काकूला विचारलं तर ती म्हणाली, काही नाही, असंच आपलं बडबडते. दुसऱ्याच्या कानांवर विसंबण्यात अर्थ नाही, हे त्याने ओळखलं.

माळ्यावर एक जुना टेप होता, वर दांडा असलेला, कुठेही उचलून नेता येणारा. गाणं म्हणायला त्या टेपला माइकही जोडता येई. नव्या संसारात बायको तो स्वयंपाकघरात लावून ठेवायची. टेपचा स्वतःचा आवाज म्हणजे चिलटाची गुणगुण, पण दुकानात एका मोडीत निघालेल्या गाडीचा अँप्लिफायर पडला होता. भोंग्याने बाह्या सरसावल्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून आवाज काढून अँपला दिला. गाडीची बॅटरी कण्हत कुंथत जिन्यावरून वर आणली. लाल तार फ्यूजमधून बॅटरीला, काळी दुसऱ्या टोकाला, आणि अँपला जागं करणारी बारीक निळी तार लाल तारेला जोडली. गाडीच्या दारातले दोन स्पीकर फळ्यांच्या खोक्यात बसवले. माइक चिमट्याने बायकोच्या गाऊनला लावला. ती सगळं बघत होती.

त्याने आवाज वाढवला. काहीच होईना, म्हणून आणखी वाढवला. बायकोने डोळे घट्ट मिटले. हो म्हणते, असं समजून त्याने अजून वाढवला. तेवढ्यात शिलाईवाली काकू कानांत बोटं घालून धावत आली. माइक स्पीकरच्या समोर आल्यामुळे कानठळ्या बसवणारी शिट्टी घुमत होती, आणि ती नेमकी त्याला ऐकू न येणारी होती. तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्याने खोकं, अँप, बॅटरी सगळं स्वयंपाकघरात नेलं, तिथून दारातून पलंग दिसे. काकू खुणेने सांगत होती, राहू द्या, कशाला हा खटाटोप. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. आयुष्यभर लोकांना जाड आवाज म्हणजे बेस वाढवून देणाऱ्या या माणसाने तो पार शून्यावर आणला आणि सगळा जोर बारीक आवाजाला दिला. गळणारी अक्षरं तिथेच असतात, हे त्याला माहीत होतं.

"बोल," तो खोक्याला कान लावून ओरडला. "बोल आता."

तिने डोळे तेवढे वळवून दारातून त्याच्याकडे पाहिलं. आधी खोक्यातून तिचा श्वास आला.

"पुरे," ती म्हणाली. "अहो, पुरे. आता पुरे करा."

एकही अक्षर गळलं नाही. इतक्या महिन्यांनी बायकोचा आवाज कानावर पडला म्हणून आधी त्याला भरून आलं, मग शब्द कळला. प्रत्येक 'पुरे'वर त्याने तिला एक चमचा भरवला होता. त्याने काकूकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच होतं. तुम्हाला सांगायचं कुणी?" असं म्हणून काकू निघून गेली.

"ऐकलंत ना?" खोकं म्हणालं.

त्याने निळी तार खसकन उपटली. खोकं गप्प झालं. पलंगावर तिचे ओठ हलतच होते, आणि आता त्याला ते लांबूनही वाचता येत होते. तो तिच्याजवळ गेला, गाऊनचा माइक काढला, हनुवटीवरची लाळ पुसली. हिच्याशिवाय या दोन खोल्यांत आपण काय करायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता, आणि तो उघड करण्याइतकी हिंमत त्याच्यात नव्हती.

"पुढे म्हणतेस ना?" तो मोठ्याने म्हणाला.

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ते लख्ख उघडे ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

तो उशाशी गेला. त्याने पलंग दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. पलंग आधीच भिंतीला टेकलेला होता.