निरोगी क्रमांक नऊ

प्रश्न १. सांधे दुखतात का? नाही.
प्रश्न २. सकाळी बोटं आखडतात का? नाही.
प्रश्न ३. खोकला? नाही.

तिन्ही खुणा माझ्या हातच्या. ताई शेजारीच बसली होती, माझ्या एप्रनची उसवलेली शिवण निरखत. शिवणकाम करते ती. सख्ख्या बहिणीला काय विचारायचं?

संधिवाताची सुरुवात फुप्फुसात होते का, हे बघायला रुग्णांशी तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती. फुप्फुसात नळीने मिठाचं पाणी सोडून परत ओढायचं म्हटलं की निरोगी माणसं पळतात. ताई आली.

"दुखेल?"

"ठसका लागेल."

"तुझी पहिली भाजी खाल्ली तेव्हासारखा? मग सोसेन."

आज.

प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे. शरीराने स्वतःवरच उलटवलेल्या प्रतिपिंडांचे गुंते त्या पाण्यात जितके जास्त, तितका खळगा पिवळा. रुग्ण पिवळे. निरोगी फिके.

एक निरोगी पिवळाधम्मक.

माझीच चूक. पुन्हा.

पिवळाधम्मक.

नवं द्रावण, नवी प्लेट, पुन्हा.

"नऊ नंबर गाळू या, मॅडम," मी माझ्या गाइडना म्हटलं. " नमुना खराब झालाय. दुधात माशी."

"तीनदा? त्याच पेल्यात?"

नळ्यांवर फक्त नंबर असतात. नावांची यादी मॅडमकडे, सीलबंद. त्यांनी पाकीट फोडलं, यादी माझ्यापुढे सरकवली.

सात. आठ.

नऊ: ताई.

पुन्हा वाचलं. तीनदा. नवी यादी कुठून आणणार?

"आजार झालाच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण यांच्या फॉर्मवर त्रास काहीच नाही. नीट विचारलं होतंस ना?"

मी ताईचा फॉर्म काढून पुढ्यात ठेवला.

फोन. पलीकडे शिलाई मशीनची खडखड.

"ताई, सकाळी बोटं आखडतात?"

"हे विचारायला फोन केलास? अगं, कुणाची नाही आखडत! सांधे ठणकतात, अर्धा तास गरम पाण्यात बुडवते, मग कात्री धरवते."

"कधीपासून?"

"झालं वर्ष." मशीन थांबलं. "का गं? तूच लिहिलंस ना, मी ठणठणीत म्हणून?"

मग तिला खोकला आला. कोरडा. थांबेना.

मी फॉर्मवरचे पहिले दोन 'नाही' खोडले. तिसऱ्यावर पेन टेकवून तिचा खोकला थांबायची वाट बघत राहिले.