किल्लीकाका समुपदेशनाला जातात

मनाचं दार फक्त आतूनच उघडतं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. थोर माणसांना कुलपांची माहिती बेताचीच असावी. किल्लीकाकांनी तेहतीस वर्षांत हजारो दारं उघडली, आणि ती सगळीच्या सगळी बाहेरून. आतून उघडता आली असती तर लोकांनी त्यांना बोलावलं कशाला असतं?

किल्लीकाकांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. चौकातल्या एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकानात किल्ल्या घासायचं एक यंत्र, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक पाटी: 'आमचं कुलूप आम्हालाही किल्लीशिवाय उघडत नाही.' हे साफ खोटं होतं, त्यांना ते सहज उघडत असे. पण गिऱ्हाईक निर्धास्त होऊन जाई.

निर्धास्त नव्हते ते स्वतः काका. गेली चार वर्षं घराला कुलूप लावून ते खाली उतरले, की शेवटच्या पायरीवर शंका त्यांची वाट बघत उभीच असायची. लागलं का नीट? मग परत वर, कुलूप ओढून बघायचं आणि खाली यायचं. फाटकापाशी शंका पुन्हा गाठायची. आपण ओढलं खरं, पण पुरेसं ओढलं का? तिसऱ्या खेपेला किल्ली घालून उघडायचं आणि पहिल्यापासून लावायचं. सगळ्या गावाला कुलपाची हमी देणाऱ्या माणसाच्या घरी अशी दिव्याखाली अंधाराची व्यवस्था होती. काकू त्यांना शंकासुर म्हणत, आणि ते प्रेमाने म्हणत नसत.

गेल्या वर्षी लेकीच्या पदवीदानाला हे दोघं पोचले तेव्हा सभागृहात खुर्च्या एकात एक घालून रचणं चाललं होतं. लेकीने रागवायला हवं होतं. ती नुसती हसली आणि म्हणाली, "बाबा, कुलूप तरी नीट लागलंय ना?" ते हसणं काकांच्या घशात अजून अडकलेलं होतं. आता पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला तीच लेक दोन वर्षांसाठी परदेशी नोकरीला निघाली होती. विमान सकाळचं, तेही दुसऱ्या शहरातून. विमान कोणाच्या कुलपासाठी थांबत नाही. काकूंनी जाहीर करून टाकलं होतं की त्या आदल्या दिवशी एकट्या जातील. काकांनी आपलं कुलूप आटोपलं की सावकाश यावं, तोवर पोरगी ढगांच्या वर असेल.

मग काकू काम करत त्या वाचनालयातल्या कोणीतरी समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. फोनवरूनही बोलता येईल, असं कळलं तेव्हा काकांनी हात वर केले. जो माणूस कुलूप फोनवरून दुरुस्त करतो म्हणतो, त्याला आपण दाराला हात लावू देत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. जायचंच तर समोरासमोर.

शेजारच्या केशकर्तनालयाच्या मालकाने अनुभवी माणसासारखी माहिती पुरवली. अनुभव अर्थातच नव्हता. तिथे म्हणे आडवं झोपवतात, डोळ्यांपुढे घड्याळ हलवतात आणि शेवटी सगळा दोष आपल्या आईवर ढकलतात. आईचं काय करायचं ते काकांनी ठरवलं नव्हतं, पण आडवं व्हायचं म्हणून गुरुवारी त्यांनी भोक नसलेले मोजे शोधून घातले.

वेळ अकराची होती. काकांनी कुलूप लावलं, खाली आले, वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. तिसऱ्यांदा उघडून लावत असतानाच काकूंचा फोन आला, निघालात का म्हणून. केव्हाच, असं ठोकून देऊन काका हत्यारांची पिशवी खांद्याला लावून धावत सुटले. तिथूनच दुकानात जायचं होतं. घराची किल्ली पिशवीच्या आतल्या कप्प्यात असायची. किल्लीबद्दल त्यांच्या मनात कधी शंका येत नसे. शंका फक्त कुलपाची.

दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर एका छोट्या खोलीत टेबलामागे एक ताई बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "आलात एकदाचे. हे बघा, सोमवारपासून उघडत नाहीये," असं म्हणत त्यांनी भिंतीशी उभं असलेलं लोखंडी कपाट दाखवलं.

काका क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समोरासमोर म्हणतात ते हेच! आधी माणसाचे हात कसे चालतात ते बघत असतील. ते स्वतःही नवीन माणूस ठेवताना त्याच्यापुढे एक बिघडलेलं कुलूप टाकून गंमत बघत बसायचे. ही पद्धत त्यांना एकदम पटली. त्यांनी बाह्या सरसावल्या.

ताई अधूनमधून येऊन बघून जात आणि काका त्यांचा प्रत्येक शब्द कानात साठवून घेत. जास्त जोर लावू नका, असं त्या म्हणाल्या तेव्हा काकांनी खोल मान डोलावली. आधीच्या माणसाने उगाच खाटखूट करून ठेवली आहे, असं त्या म्हणाल्या तेव्हा तर बाईमाणूस एका नजरेत किती ओळखतं, याचं त्यांना नवल वाटलं. वीस मिनिटांत वाकलेला खटका सरळ झाला आणि कपाट उघडलं. आत टिश्यूचे खोके गच्च भरले होते. ताईंनी एक बाहेर काढला, काकांनी कपाट बंद करून कुलूप लावलं, हात पुसले आणि आता पुढे काय, असं नम्रपणे विचारलं.

पुढे काहीच नाही, झालं की, असं ताई म्हणाल्या. पण पन्नास मिनिटं लागतात असं ऐकलं होतं, काका म्हणाले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग समोरच्या वहीकडे, मग आतल्या बंद दाराकडे. "अकराचे ते तुम्ही का?" त्यांनी विचारलं. त्यांचा कुलूपवाला दुसराच होता आणि कुलूपवाल्यांच्या रीतीप्रमाणे तो आला नव्हता.

ताईंनी शरमून फॉर्म दिला आणि काकांनी तो शरमूनच घेतला. त्यात नाव, वय, औषधं चालू आहेत का, असं सगळं होतं. येण्याचं कारण या रकान्यात काकांनी लिहिलं: कुलूप. ताईंनी ते वाचलं, पुन्हा एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि टिश्यूचा तो खोका आत न्यायला त्यांच्याच हातात ठेवला.

आतल्या खोलीत पलंग नव्हता. समोरासमोर दोन खुर्च्या, एक खिडकी आणि भिंतीवर घड्याळ, तेही न हलणारं. मोजे वाया गेले. बाई चाळिशीच्या होत्या आणि वीस मिनिटं एकट्या बसल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितलं की आज फक्त ओळख करून घ्यायची. नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तरी चालेल, पटलं नाही तर तसं सांगावं. इथे बोललेलं इथेच राहतं. कोणाच्या जिवाला धोका असेल तरच ते बाहेर सांगावं लागतं.

इथेच राहतं म्हटल्यावर काकांची नजर आपसूक दाराकडे गेली. हे कुलूप अकरा सेकंदांत उघडतं, असं त्यांनी बाईंना कळकळीने सांगितलं. बाई म्हणाल्या, असेल, आणि गप्प बसल्या.

ती शांतता काकांना मानवली नाही. गप्प माणसाची त्यांना सवय नव्हती. दाराबाहेर अडकलेलं गिऱ्हाईक कधी गप्प बसत नाही. दीड मिनिटात ते बोलू लागले आणि थांबेनात. पायऱ्या, फाटक, तिसरी खेप, रचलेल्या खुर्च्या, लेकीचं हसणं, चौदा तारीख. खुर्च्यांपाशी आवाज जरा फाटला. बाईंनी टिश्यूचा खोका पुढे सरकवला. कपाट वेळेवर उघडलं ते बरं झालं, असं काकांना नाक पुसताना वाटून गेलं.

मग बाईंनी विचारलं, "बाहेरचं ते कपाट. ते बंद करून आलात ना?"

"हो."

"नीट लागलं असेल?"

"म्हणजे काय? मी लावलंय."

"जाऊन एकदा बघावंसं वाटतंय का?"

काकांनी प्रामाणिकपणे आत शोधून पाहिलं. वाटत नव्हतं. "ते तुमचं आहे," ते म्हणाले. "त्यात नाक पुसायचे कागद आहेत."

"आणि घरी?"

घरी काय होतं? दोन माणसं, तीही दिवसभर बाहेर. जुना टीव्ही होता, तो चोराने नेला असता तर काकूंनी चोराचे आभार मानले असते. काका बोटांवर काहीतरी मोजत राहिले आणि मग त्यांचं बोट थांबलं.

"लेक शिकायला बाहेर गेली ना, त्याच आठवड्यात मी दाराचं कुलूप बदललं," ते हळूच म्हणाले. "चांगलं भारीतलं बसवलं. जे जायचं ते गेल्यावर."

बाई नुसतं "हं" म्हणाल्या. इतक्या कमी हत्यारांत काम करणारं माणूस काकांनी तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

चौदा तारखेपर्यंत बरा होईन का, हे त्यांनी उठता उठता विचारलं. बाईंनी हमी दिली नाही. पाटीवर खोटं लिहिणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. तोवर तीन वेळा भेटू, म्हणाल्या. शंका जाईलच असं नाही, पण तिला बरोबर घेऊन वेळेवर निघता येतं, तिचं वेगळं तिकीट काढावं लागत नाही. आज एकच करून बघायचं. इथून घरी डोकावायला न जाता थेट दुकान गाठायचं आणि घरी संध्याकाळीच जायचं.

घरी डोकावायचा बेत होता, हे बाईंना कसं कळलं, कोण जाणे. कोपऱ्यावर काकांचे पाय घराकडे वळले. काकांनी त्यांना दम दिला आणि दुकानात नेऊन बसवलं. दुपारी तीनला शंका आली, चारला पुन्हा आली. काका किल्ल्या घासत राहिले. पलंग नाही, घड्याळ हलत नाही, आईचा विषयही निघाला नाही, हे ऐकून केशकर्तनालयाचा मालक फार हिरमुसला.

संध्याकाळी फाटकापाशीच काकू भेटल्या. दिवसभरात एकदाही आलो नाही, हे काकांनी जिना चढता चढता तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून काकू थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग तेराला बरोबरच निघू. दोन तिकिटं काढते."

काकांनी ऐटीत पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घातला. मग बाहेरच्या कप्प्यात घातला. मग दोन्ही खिशांत. काकू तोवर दारापाशी पोचल्या होत्या.

किल्ली सकाळपासून बाहेरून कुलपातच होती. दुपारी आलेल्या दूधवाल्याने तिला दुधाची पिशवी अडकवून ठेवली होती. घरातलं काहीही गेलं नव्हतं. दूध नासलं होतं.