न उघडलेली झडप

यान धूमकेतूवर उतरायचं होतं त्या सकाळी नियंत्रण कक्षात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मॅडम मात्र आपल्या खुर्चीत हातांची घडी घालून बसल्या होत्या. यानाचे पाय, पंजे आणि डोक्यावरची झडप हे सगळं त्यांच्या विभागाचं काम. ते बनवण्यात आणि मग ते पोहोचायची वाट पाहण्यात त्यांच्या आयुष्याची पंधरा वर्षं गेली होती.

यानाला सगळे 'टोळ' म्हणत. तीन काटकुळे पाय आणि वर चपटं डोकं, म्हणून टोळ. धूमकेतूची ओढ इतकी दुबळी, की इथे शंभर किलो भरणारा टोळ तिथे कागदाच्या कपट्याएवढा हलका. पाय टेकताच तो उसळू नये म्हणून डोक्यावरची झडप उघडायची, वायूचा झोत वर सुटायचा आणि त्या रेट्याने टोळ खाली दाबला जायचा. तेवढ्यात पायांतले पंजे जमिनीत रुतायचे. सगळा खेळ दहा सेकंदांचा. आणि तो कळायचा अठ्ठावीस मिनिटांनी, कारण संदेश यायलाच तेवढा वेळ लागे.

"टेकले! पाय टेकले!" पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मॅडम पडद्यावरची एकच ओळ बघत होत्या. झडप : बंद. त्यांनी डोळे मिटून पुन्हा उघडले. झडप : बंद.

टोळ उसळला. दोन तास तो धूमकेतूवर तरंगत राहिला आणि शेवटी एका कड्याच्या पायथ्याशी, सावलीत जाऊन पडला.

"टोळ नाव ठेवल्यावर उडी मारणारच की," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

सावलीत ऊन नाही, ऊन नाही तर वीज नाही. बॅटरी अडीच दिवसांची. तेवढ्यात टोळाने फोटो पाठवले, तिथल्या वायूंची नोंद घेतली. पण जमिनीत भोक पाडून माती काढायची, ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता, ते पंजे रुतल्याशिवाय जमणार नव्हतं. "दुधाची तहान ताकावर," मोहिमेचे प्रमुख म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी टोळ गप्प झाला.

आठवड्याभरात चौकशी समिती बसली. समितीने मॅडमना एक लेखी प्रश्न पाठवला : या झडपेबद्दल पूर्वी कधी कुणी शंका घेतली होती का?

घेतली होती. यान सुटण्याच्या सात आठवडे आधी वर्कशॉपमधले सगळ्यात जुने फिटर, ज्यांना सगळे काका म्हणत, हातात झडपेचा वॉशर घेऊन बैठकीत उभे राहिले होते.

"मॅडम, हा वॉशर मला पटत नाही. फार दिवस गारठला तर बसल्या जागी चिकटेल."

"आठ दिवस गारठवून बघितलाय, काका. चाचणी पास आहे."

"आठ दिवस म्हणजे काय हो? प्रवास दहा वर्षांचा."

तारीख डोक्यावर आली होती. ती चुकली तर धूमकेतू हातचा जाणार होता. मॅडमचा तोल गेला. "काका, तुम्ही नट-बोल्ट आवळा. विचार आम्हाला करू द्या."

बैठकीत हशा पिकला. काकांनी वॉशर खिशात टाकला आणि ते खाली बसले. इतिवृत्तात यातलं काहीच आलं नाही. वर्षभरात काका निवृत्त झाले.

मॅडमनी उत्तरात 'नाही' असं लिहिलं. पाठवायचं बटण मात्र दाबवेना. रविवारी त्या काकांच्या घरी गेल्या.

दार काकूंनी उघडलं. काका स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजाऱ्यांचा पंखा खोलून बसले होते. त्यांनी हात पुसले, खुर्ची पुढे केली.

"तुमचं खरं ठरलं," मॅडम म्हणाल्या. "मी त्या दिवशी बोलले, ते बोलायला नको होतं. माफी मागायला आलेय."

काकांनी टेबलावरचे स्क्रू वाटीत गोळा केले. मग म्हणाले, "मॅडम, बैठक झाली त्याच संध्याकाळी मी एक जादा झडप शीतपेटीत ठेवली होती. मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशी. चाळीस दिवसांनी काढली."

"मग?"

"उघडली नाही."

मॅडमनी मनात दिवस मोजले. "म्हणजे यान सुटायला नऊ दिवस होते! काका, नऊ दिवस! सांगितलं का नाही?" त्यांचा आवाज चढला होता.

"तुम्ही विचारायला याल म्हणून थांबलो. आज येतील, उद्या येतील. नाक घासत येतील, असंच म्हणायचो मनात. खोटं कशाला बोलू? मग यान सुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या."

काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, हे रिटायर झाले म्हणून गप्प असतात."

चहा तसाच निवला. निघताना काका जिन्यापर्यंत आले. "लिहाल ते सगळं लिहा. माझंही लिहा. तुमच्या एकटीचं नको."

मॅडमनी 'नाही' खोडलं आणि चार पानं लिहिली. सही करायला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्रमुखांनी पानं वाचून कपाळाला हात लावला. "इतिवृत्तात कुठे काही नव्हतं. उगाच पायावर धोंडा मारून घेतलात, दोघांनीही."

पुढच्या यानाचं काम दुसऱ्याकडे गेलं. मॅडमची रवानगी चाचणी विभागात झाली. वर्कशॉपच्या भिंतीवर काकांचा निरोपसमारंभाचा फोटो होता, तो कुणीतरी उतरवून कपाटात टाकला. मॅडमनी तो दोनदा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा खिळाच काढलेला होता.

एक आशा तेवढी होती. धूमकेतू सूर्याजवळ सरकला की कड्याखाली थोडं ऊन शिरेल, टोळ जागा होईल. म्हणून दर सोमवारी दहा ते बारा त्याच्या दिशेने कान लावला जाई. मॅडम तेव्हा नियंत्रण कक्षात जाऊन बसत. आता त्यांना कुणी बोलावत नसे, पण हाकलतही नसे. साडेबाराला काकांचा फोन येई.

"बोलला का काही?"

"नाही, काका."

"बरं."

असे पाच महिने गेले. धूमकेतू सूर्याला वळसा घालून पुन्हा लांब निघाला आणि ऐकणं थांबवायचा आदेश आला. मॅडमनी तो काकांना कळवायचा म्हणून चारदा फोन हातात घेतला, चारदा खाली ठेवला. सोमवारी साडेबाराला काकांचाच आला.

"काका, आजपासून बंद केलं. आता नाही ऐकणार."

पलीकडे काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता. काका म्हणाले, "बरोबर आहे. किती दिवस बसणार माणसं?" मग, "जेवलात का?"

"नाही अजून."

"जेवून घ्या. मी पुढच्या सोमवारीही करीन हं फोन. सवय लागलीय."

"करा," मॅडम म्हणाल्या.